गाडलेला व्हाळ पुन्हा उघडा करताना

पणजीच्या मळा भागात किंवा मडगाव-म्हापशाच्या सखल वस्त्यांत जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर रस्त्यावर पाणी साचले की गटार तुंबले, असे आपण म्हणतो. पुष्कळ ठिकाणी ते मुळात गटार नसतेच. डोंगरावरचे पाणी खाडीला नेणारा तो व्हाळ असतो. कधी रस्ता रुंद करण्यासाठी, कधी बाजाराला किंवा वाहने उभी करण्याला जागा मिळावी म्हणून, तर कधी नुसत्या दुर्गंधीला कंटाळून त्यावर स्लॅब टाकलेला असतो किंवा त्याचे पाणी काँक्रीटच्या नळात घातलेले असते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. नळ टाकला तेव्हा वरच्या उतारावर काजू आणि रानझाडी होती. आज तिथे इमारती, अंगणातल्या फरश्या आणि डांबर आहे. पाणी वाढले आणि नळ तेवढाच राहिला.

असा व्हाळ पुन्हा उघडा करता येतो. अमेरिकेतील बर्कली येथे १९८४ मध्ये एका उद्यानातून जाणाऱ्या स्ट्रॉबेरी क्रीकचा सुमारे ६० मीटरचा तुकडा उघडा करण्यात आला. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराने १९८८ पासून ओढे मलवाहिन्यांतून बाहेर काढून पृष्ठभागावर आणण्याचे धोरणच स्वीकारले. सोल शहराने चाँगेचाँन या ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये जवळजवळ सहा किलोमीटरचा प्रवाह लोकांसाठी खुला केला. आपल्या प्रभागात किंवा पंचायतीत असे काम सुरू करू पाहणाऱ्या नागरिकांसाठी, नगरसेवकांसाठी आणि तरुण अभियंत्यांसाठी हे लिहीत आहे. सांडपाणी, रुंदी आणि भरती हे तीन प्रश्न याच क्रमाने सोडवावे लागतात. बाकडी, दिवे आणि पायवाटा यांचा विचार त्यांच्यानंतर यावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्या वाड्यामागचा व्हाळ मी शाळेत असताना झाकला गेला. त्यात आम्ही चढणीचे मासे पाहिले होते, म्हणून या कामाविषयी मला तटस्थपणे लिहिता येत नाही, हेही सांगून ठेवतो.

व्हाळ कुठे आहे हे शोधणे

पहिले काम नकाशाचे. भूमापन व भूमी अभिलेख खात्याकडून त्या भागाचे सर्वेक्षण नकाशे घ्यावेत. शहरी भागात ते चलता क्रमांकानुसार असतात, तर ग्रामीण भागात सर्वे क्रमांकानुसार. जुन्या नकाशात नाला बहुधा दोन समांतर रेषांनी दाखवलेला असतो आणि त्या पट्ट्याला स्वतंत्र क्रमांक नसतो. त्याच जागेचा आजचा उपग्रह नकाशा त्यावर ठेवून पाहिल्यास पट्ट्याची मूळ रुंदी आणि आज त्यावर काय उभे आहे, या दोन्ही गोष्टी समोर येतात. पोर्तुगीज काळातील नकाशे उपलब्ध झाले तर तेही पाहावेत, कारण पणजीसारख्या शहराचा मोठा भाग दलदलीत भर घालून उभा राहिला आहे आणि मूळ पाणवाटा त्या नकाशांत अधिक स्पष्ट दिसतात.

नकाशानंतर नावांकडे पाहावे. व्हाळ, झर, तळे, बांध, मळा, खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन), साकव (लहान पूल) यांपैकी एखादा शब्द वाड्याच्या किंवा वाटेच्या नावात टिकून असेल तर तो पुरावा समजून तपासावा. पणजीतील फोन्तेन्हास या वाड्याचे नावच झऱ्यांवरून पडले आहे; आल्तिनोच्या पायथ्याशी असलेले फोंते फिनिक्स आणि बोका द व्हाका हे झरे त्या टेकडीतून झिरपणाऱ्या पाण्याचे आहेत. जांभ्याचा कातळ पावसाचे पाणी शोषून घेतो, त्याखालच्या चिकट मातीच्या थरावर ते अडते आणि टेकडीच्या पायथ्याशी बाहेर पडते. आपल्या व्हाळाच्या वरच्या अंगाला असा एखादा झर जिवंत असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे, कारण पावसाळ्यानंतरही त्यात स्वच्छ पाणी राहण्याची शक्यता असते.

तिसरा मार्ग ज्येष्ठांना विचारण्याचा. चतुर्थीच्या गणपतीचे विसर्जन पूर्वी कुठे होत असे, सांजांवला, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला, मुले कुठे उडी मारत, कपडे धुण्याचा दगड कुठे होता आणि साकव कुठे होता, हे चार प्रश्न विचारले की व्हाळाची वाट बहुधा सलग उभी राहते. शेवटी प्रत्यक्ष चालून पाहावे. एप्रिलमधल्या पहाटे, रस्ते शांत असताना, चेंबरच्या झाकणांशी थांबून ऐकल्यास खालून वाहणारे पाणी ऐकू येते. रस्त्यावर एका रेषेत पुन्हा पुन्हा खचणारे डांबर, एका ओळीत ओल धरणारी कुंपणे, आणि आजूबाजूला पाणी नसताना वाढलेला केवडा किंवा वाळुंज या खुणा नोंदवाव्यात. त्यानंतरच नळात कॅमेरा सोडून पाहणी करण्याचा खर्च करावा, म्हणजे कुठे पाहायचे ते आधी माहीत असते.

सांडपाणी आधी बाहेर

भर उन्हाळ्यात नळाच्या तोंडातून काळे पाणी सतत वाहत असेल तर ते झऱ्याचे नाही. झाकलेल्या व्हाळाला घरांची, हॉटेलांची आणि दुकानांची जोडणी करणे सोपे असते आणि ती कोणाला दिसत नाही. असा व्हाळ तसाच उघडला तर लोकांना दिसते ते उघडे गटार, आणि दोन महिन्यांत त्यावर पुन्हा स्लॅब टाकण्याची मागणी तेच लोक करू लागतात. साळ नदीचा खारेबांध ते मोबोर हा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आला होता; शहराच्या छोट्या नाल्यांतून नदीला काय जाते, याचे ते स्पष्ट उदाहरण आहे.

कोरड्या हंगामातील प्रवाह मोजून सुरुवात करावी. ठरावीक अंतरावरच्या चेंबरमध्ये बादली आणि घड्याळ घेऊन, किंवा छोटी खाच असलेली फळी बसवून, लिटरमध्ये प्रवाह मोजता येतो. सकाळी सात ते नऊ या वेळात प्रवाह वाढत असेल आणि पहाटे तीनला तो जवळजवळ थांबत असेल, तर ते घरगुती पाणी आहे. अहोरात्र सारखा राहणारा प्रवाह झऱ्याचा किंवा फुटलेल्या जलवाहिनीचा असतो. ज्या दोन चेंबरांमध्ये प्रवाह अचानक वाढतो, त्यांच्या मधल्या इमारतींच्या सांडपाण्याच्या नळांत निरुपद्रवी रंग सोडून जोडणी शोधता येते. हे काम पालिकेच्या आणि मलनिस्सारण विभागाच्या अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत आणि रहिवाशांना आधी लेखी कळवून करावे. उद्देश दंड करण्याचा नसून जोडणी बदलण्याचा आहे, हे पहिल्याच भेटीत सांगितले तर दारे उघडतात.

जिथे मलवाहिनी उपलब्ध आहे तिथे घरे तिला जोडावीत. जिथे ती नाही, तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा नीट चालतो का, हे पाहावे लागते, आणि जांभ्याच्या उतारावर हे काम विशेष काळजीने करावे लागते, कारण कातळातील फटींतून शोषखड्ड्याचे पाणी खालच्या विहिरींपर्यंत सहज पोचते. जागा अगदीच कमी असेल तर व्हाळाच्या काठाने बंद मलवाहिनी टाकून सगळ्या जोडण्या तिच्यात घेणे हा उपाय उरतो; ती व्हाळाच्या पात्राखालून नेऊ नये, कारण ती फुटल्यावर दुरुस्तीसाठी पुन्हा पात्रच खोदावे लागते.

पाण्याची गुणवत्ता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी. उघड्यावर स्नानासाठी योग्य पाण्याच्या निकषानुसार जैविक प्राणवायूची मागणी (पाण्यातील कुजणाऱ्या घाणीचे माप) लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, आणि विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २,५०० असावी लागते. ती ५०० पर्यंत असणे इष्ट मानले जाते. शहरातील व्हाळ लगेच या पातळीला येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र, ती येईपर्यंत मुलांना पाण्यात उतरू देण्याची रचना करू नये. काठावर बसता येणे आणि पाण्यात उतरता येणे हे दोन वेगळे टप्पे मानावेत.

पाण्याचा हिशेब

रुंदी किती लागेल, हे अंदाजाने ठरवू नये. छोट्या पाणलोटासाठी अभियंते एक सोपे सूत्र वापरतात: वाहून येणाऱ्या पाण्याचा अंश, तासाला मिलिमीटरमध्ये पावसाची तीव्रता आणि हेक्टरमध्ये क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते कळते. समजा, पाणलोट ४० हेक्टरचा आहे आणि हिशेबासाठी तासाला ८० मिलिमीटर तीव्रता धरली आहे. उतारावर रानझाडी होती तेव्हा पाण्याचा ०.३ अंश वाहून येत असे, म्हणजे सेकंदाला सुमारे २.७ घनमीटर. आज इमारती आणि रस्ते झाल्यावर हा अंश ०.७ धरावा लागतो आणि प्रवाह ६.२ घनमीटर होतो. तीनशे मीटरला एक मीटर उतार असलेला १.२ मीटर व्यासाचा काँक्रीटचा नळ तुडुंब भरून वाहिला तरी सव्वादोन घनमीटरच्या आसपासच पाणी नेतो. उरलेले चार घनमीटर दर सेकंदाला रस्त्यावर येतात. मला वाटते, हा एवढा हिशेब प्रभागाच्या सभेत फळ्यावर लिहून दाखवला तर नाला साफ केला की पाणी तुंबणार नाही, हा समज बराचसा दूर होतो.

आता उघड्या पात्राचे पाहू. झाडोरा असलेल्या मातीच्या पात्रात पाणी काँक्रीटपेक्षा सावकाश वाहते, म्हणून त्याला जागा जास्त लागते. तळ दोन मीटर, दोन्ही काठांना एकास दोन उतार (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे अंतर), तोच तीनशेला एकचा ढाळ आणि सव्वा मीटर खोली धरली, तर साडेसहा घनमीटरांहून थोडे अधिक पाणी जाते. त्यावर ४० सेंटिमीटर मोकळी उंची ठेवली की माथ्याशी रुंदी साडेआठ मीटरांच्या पुढे जाते, आणि एका बाजूला देखभालीची वाट धरली तर अकरा-बारा मीटर जागा हवी. शहरात एवढी जागा क्वचित मिळते. एक काठ दगडी भिंतीचा आणि दुसरा उताराचा ठेवून, तळ अडीच मीटर केला तर जवळजवळ तेवढेच पाणी सहा मीटर रुंदीत बसते. गोव्यातील जुन्या वस्त्यांसाठी हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो, कारण घरांच्या बाजूला भिंत येते आणि लोकांच्या बाजूला उतार. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती घालून चार मीटरांतही हे पाणी नेता येईल, पण तिथे ना कोणाला खाली उतरता येते, ना पडलेल्याला वर येता येते.

एवढीही जागा नसेल तर नळ तसाच ठेवून त्याला जोड द्यावी. नेहमीचा लहान प्रवाह वर उघड्या, सुंदर पात्रातून वाहू द्यावा आणि पुराचे जादा पाणी खालच्या नळात उतरावे, अशी विभागणी करता येते. वरच्या उतारावरचे पाणी उशिरा येईल, यासाठीही त्याच वेळी प्रयत्न करावेत. मैदाने, शाळांची आवारे आणि देवळांची जुनी तळी यांत पहिले पाणी थोडा वेळ थांबले तर खालचा ताण कमी होतो. डोंगरकापणी आणि सखल जमिनीत भर घालणे यांवर गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचे कलम १७-अ परवानगीची अट घालते; आपल्या पाणलोटात असे काम चालू असेल तर ते पाहणे हाही या प्रकल्पाचाच भाग आहे, कारण तिथून येणारी तांबडी माती पहिल्याच पावसात नवे पात्र भरून टाकते. उघड्या भागाच्या वरच्या टोकाला गाळ बसण्यासाठी एक रुंद, खोल खड्डा आणि तिथवर ट्रक जाईल असा रस्ता ठेवावा. हा रस्ता आराखड्यातून नेहमी वगळला जातो आणि मग गाळ कधीच निघत नाही.

मुखाशी भरती आणि मानस

परदेशातील बहुतेक उदाहरणे आपल्याला इथे फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण आपले व्हाळ भरतीच्या खाडीत मिळतात. ताळगावच्या बाजूने येऊन कांपालजवळ मांडवीला मिळणारी सांतिनेजची खाडी असो किंवा फोन्तेन्हासला लागून वाहणारी रुआ द ओरें खाडी असो, त्यांच्या मुखाशी पाण्याची पातळी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. मांडवीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरांच्या वर जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या ऐन वेळी मुसळधार पाऊस आला तर व्हाळ कितीही रुंद असला तरी पाण्याला बाहेर जाता येत नाही. म्हणून मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून पातळ्या काढाव्यात आणि आपल्या पात्राच्या तळाची पातळी त्याच्याशी जुळवून पाहावी. दोन्ही पातळ्या एकाच संदर्भ-पातळीवरून मोजलेल्या आहेत याची खात्री सर्वेक्षकाकडून लेखी घ्यावी. या एका चुकीने सगळा आराखडा निकामी होतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. खाजन शेतीत बांधाला बसवलेली मानस, म्हणजे पाण्याचे दार, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते. शहरी व्हाळाच्या मुखाशीही हेच तत्त्व वापरावे. लाकडी दार असो वा धातूचे झडपद्वार, त्याच्या फटीत अडकलेली एक प्लास्टिकची बाटली भरतीचे खारे पाणी आत घेण्यास पुरेशी असते, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला तिरकी जाळी आणि ती साफ करण्यासाठी उभे राहण्याची जागा हवी. मानस सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना आराखड्याच्या चर्चेत बोलवावे. दार किती जड असावे, उंबरा कुठे असावा आणि कोणत्या महिन्यात काय अडकते, हे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने माहीत असते.

दार मिटलेले असताना आलेले पाणी कुठे थांबणार, याचाही हिशेब करावा. सेकंदाला सहा घनमीटर पाणी अर्धा तास आले तर १०,८०० घनमीटर होते, म्हणजे एक हेक्टर जागेवर मीटरभराहून अधिक. अर्धा मीटरच पातळी वाढू द्यायची असेल तर दोन हेक्टरांहून अधिक जागा लागेल. खाजनात मानशीच्या आतल्या बाजूला असणारी पोंय, म्हणजे पाणी साठण्याची खोलगट जागा, हीच गरज भागवते. शहराच्या कडेला उरलेले शेवटचे भातशेत किंवा पाणथळ तुकडा कोणी भरू पाहत असेल तर त्याला विरोध करताना हा आकडा सोबत ठेवावा. तो तुकडा गेला की तेवढेच पाणी साठवण्यासाठी टाकी बांधावी लागते आणि तिच्यासाठी ना जागा असते, ना पैसा.

जमीन, परवाने आणि माणसे

नाल्याचा पट्टा सहसा सरकारी असतो, पण काठावरची जमीन खाजगी, कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची) किंवा देवस्थानची असू शकते. एक-चौदाचे उतारे (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि शहरी भागातील नोंदी आधी जमवाव्यात. स्लॅबवर बसणारे विक्रेते असतील तर त्यांना पर्यायी जागा ठरल्याशिवाय काम सुरू करू नये. अशा विक्रेत्यांना पावसाळ्याच्या तोंडावर उठवले गेल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यानंतर त्या प्रभागात या विषयावर कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हते.

पालिका किंवा पंचायत, जलस्रोत खाते, सार्वजनिक बांधकाम खाते आणि नगरनियोजन खाते यांचा संबंध येतोच. जिथवर भरतीचा प्रभाव पोचतो, म्हणजे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील क्षार हजारात पाच भाग भरतात तिथवर, किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात आणि गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते. खारफुटी असेल तर वन खात्याशी आधी बोलावे, आणि वारसा म्हणून जपलेल्या भागात काम असेल तर संबंधित समितीशी. एक वर्ष कागदपत्रांतच जाईल असे धरून चालावे, आणि त्याच वर्षाचा पावसाळा निरीक्षणासाठी वापरावा.

प्रत्यक्ष काम

गोव्यात हे काम ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात करता येते, आणि मेच्या मध्यापर्यंत पात्र पाणी नेण्याच्या स्थितीत असायलाच हवे, कारण वळवाचे पाऊस जूनची वाट पाहत नाहीत. एका हंगामात जेवढे पुरे होईल तेवढाच तुकडा हाती घ्यावा. अर्धवट उघडलेला आणि खाली अरुंद राहिलेला व्हाळ झाकलेल्यापेक्षाही घातक असतो. म्हणून सुरुवात मुखाकडून करून वर सरकत जावे. वरचा भाग आधी रुंद केला तर तिथले पाणी लवकर खाली येऊन अजून न उघडलेल्या नळाशी तुंबते.

खोदण्यापूर्वी चाचणी खड्डे घेऊन जलवाहिन्या, वीजवाहिन्या आणि दूरसंचाराच्या तारा शोधाव्यात. लगतच्या जुन्या चिऱ्यांच्या घरांचे पाये उथळ असतात, म्हणून स्लॅब एकदम न काढता दहा-पंधरा मीटरांचे तुकडे करून काढावा, प्रत्येक तुकड्यात काठाला आधार द्यावा आणि मगच पुढे जावे. घरांच्या भिंतींना आधीपासून असलेल्या भेगांची छायाचित्रे मालकाच्या सहीसह घेऊन ठेवावीत; नंतरचे बरेच वाद यामुळे टळतात. नळात साचलेला काळा गाळ तपासल्याशिवाय शेतात किंवा बागेत टाकू नये.

पात्राचा तळ काँक्रीटचा करू नये. मधोमध एक अरुंद, खोलगट वाट ठेवावी, म्हणजे फेब्रुवारीतला थोडासा प्रवाहही पसरून न जाता वाहता राहतो आणि डासांना साचलेले पाणी मिळत नाही. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या पुढे जाईल अशा वळणांवर आणि उतारांवर दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) किंवा तारेच्या जाळीत भरलेले दगड वापरावेत; बाकी ठिकाणी वाळा, लव्हाळा आणि निगडी यांची मुळे माती धरून ठेवतात. वरच्या काठावर करंज, जांभूळ आणि वाळुंज लावावेत, खाऱ्या टप्प्यात उंडी आणि तिथलीच खारफुटी. झाडे मेमध्ये लावून पावसावर सोडू नयेत. जानेवारीपर्यंत लावून पाणी घातले तर पहिल्या पुरापर्यंत मुळे धरतात.

चाँगेचाँनचे उदाहरण वारंवार दिले जाते, पण त्या पात्रात दररोज सुमारे १,२०,००० टन पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणून सोडावे लागते. आपण तसे करू नये. झर आटला तर एप्रिल-मेमध्ये आपला व्हाळ बराचसा कोरडा राहील, आणि तो तसा चांगला दिसेल अशी रचना आधीच करावी: दगड, सावली, थोडी खोल डबकी ज्यांत मासे तग धरतील.

लोकांसाठीच्या जागेत पहिली गरज पायऱ्यांची आहे. चतुर्थीला विसर्जनासाठी मूर्ती घेऊन दोन-तीन माणसे शेजारी शेजारी उतरू शकतील इतक्या त्या रुंद हव्यात आणि शेवटची पायरी भाद्रपदातल्या पाण्याच्या पातळीशी जुळायला हवी. मूर्ती मातीची असावी आणि निर्माल्य वेगळे गोळा व्हावे, याची व्यवस्था तिथेच करावी. जिथे लोक उतरतील तिथे काठाचा उतार एकास तीन किंवा त्याहून सौम्य ठेवावा, आणि दर तीस-चाळीस मीटरांवर वर येण्याची वाट असावी. सिंगापूरमध्ये काँक्रीटच्या कालव्यातून मोकळ्या केलेल्या कलांग नदीच्या काठी, २०१२ मध्ये खुल्या झालेल्या बिशान उद्यानात, पाणी वाढताच दिवे आणि भोंगे यांनी सावध करणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे निदान पुलाजवळ एक पातळीपट्टी, तिच्यावर लाल खूण, आणि ती ओलांडली की फाटक बंद करणारा एक जबाबदार माणूस हवा. जिथे व्हाळ पुन्हा नळात शिरतो, तिथे तिरकी जाळी आणि कुंपण यांत कोणतीही तडजोड करू नये. वाहत्या पाण्यात नळाचे तोंड माणसाला ओढून घेते.

पहिले तीन पावसाळे

पहिल्या पावसाळ्यात काठ कुठेतरी खचेल, काही रोपे वाहून जातील आणि एखादे बाकडे चिखलात जाईल. ठेकेदाराच्या करारात दोन वर्षांची देखभाल आणि रोपे पुन्हा लावण्याची अट असावी, आणि अनामत रकमेचा मोठा भाग दुसऱ्या पावसाळ्यानंतरच सोडला जावा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गाळाचा खड्डा आणि मुखाशी असलेले दार साफ करणे, जूनपासून दर मोठ्या पावसानंतर जाळ्या पाहणे, चतुर्थीनंतर लगेच निर्माल्य काढणे आणि नोव्हेंबरमध्ये जलपर्णी किंवा इतर घुसखोर वनस्पती उपटणे, ही कामे कोणाच्या नावावर आहेत ते लिहून पालिकेच्या फलकावर लावावे.

याबरोबर एक साधी नोंदवही ठेवावी. प्रभागातील शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला पाऊस लिहावा, पातळीपट्टीवरची सर्वांत वरची ओली खूण लिहावी, त्या वेळी भरती होती की ओहोटी हे लिहावे, आणि रस्त्यावर पाणी आले असेल तर कुठवर आले ते खडूने खूण करून मोजावे. मार्च-एप्रिलमध्ये महिन्यातून एकदा पहाटेचा प्रवाह मोजावा, म्हणजे नवीन सांडपाण्याची जोडणी झाली असेल तर ती लगेच कळते. तीन पावसाळ्यांच्या या नोंदींवरून वाहून येणाऱ्या पाण्याचा आपण धरलेला अंश बरोबर होता का, ते ताडून पाहता येते, आणि वरच्या पुढच्या तुकड्यासाठी तळ अडीच मीटर पुरेल की तीन लागेल, हे त्या वहीवरून ठरवता येते.